नाना खैरनारांचे भडक मासे

नेलपॉलिश मागायला पुरुषमाणूस दारात आला तर काय करावं, याबद्दल आमच्या सोसायटीच्या नियमावलीत काही नव्हतं. मी सेक्रेटरी असल्यामुळे नियमावली मला तोंडपाठ होती. तिच्यात पाण्याची टाकी होती, जिन्यातल्या चपला होत्या, गच्चीवर वाळवण घालण्याचे वार होते. नेलपॉलिश नव्हतं.

दारात समोरच्या फ्लॅटमधले नाना खैरनार उभे होते. पन्नाशीचा गडी, झुपकेदार मिशा, अंगात बनियन आणि कानावर पेन्सिल.

"सेक्रेटरीबाई, नेलपॉलिश आहे का घरात?"

"आहे. कुठला रंग हवाय?"

"जो लावायची तुम्हाला लाज वाटते तो."

असा एक रंग प्रत्येक घरात असतो. माझ्याकडे नणंदेच्या लग्नात घेतलेला होता. शेंदरी, वर सोनेरी चमकी. एकदाच लावला होता आणि त्या दिवशी सासूबाईंनी मला पंगतीत वाढू दिलं नव्हतं. नानांनी बाटली उघडली, ब्रशचा एक फटकारा स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर मारला, हात लांब धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"भारी शे!" नाना मूळचे सटाण्याकडचे. एरवी शहरी बोलायचे, पण आनंद झाला की तोंडातून अहिराणी निसटायची. "हा काही कोणात मिसळायचा नाही!"

बाटली घेऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी शेंदरी अंगठ्यानिशीच कामावर गेले. सातपूरच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये होते. तिथं त्या अंगठ्याची बरीच चर्चा झाली म्हणे.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. नानांना मासेमारीचं वेड होतं. दर रविवारी गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर जायचं म्हणजे जायचंच. पण गांडूळ, कणकेची गोळी असलं आमिष त्यांना चालायचं नाही. त्यांचा सगळा कारभार खोट्या माशावर. खोटा मासा म्हणजे लाकडाचा किंवा पत्र्याचा बोटभर मासा, पोटाखाली गळ लावलेला. तो नायलॉनच्या दोरीला बांधायचा, काठीनं लांब फेकायचा आणि रीळ फिरवत पाण्यातून ओढत आणायचा. मोठ्या माशाला वाटतं, भक्ष्य पळतंय. तो झडप घालतो आणि रविवार सार्थकी लागतो.

सुरुवातीला नानाही चारचौघांसारखेच होते. धरणात बोटभर चंदेरी माशांचे थवेच्या थवे असतात आणि मोठे मासे त्यांच्यावरच जगतात. तेव्हा नानांनी हुबेहूब तसाच एक मासा बनवला. हात बारीक कामाला बसलेला. एकेक खवला कोरला, पाठीला हिरवट झाक दिली, डोळ्याला काळा मणी बसवला आणि गॅलरीत दोरीवर वाळत टाकला. तळमजल्यावरचं मांजर तीन जिने चढून आलं आणि तो घेऊन पसार झालं. गळ अजून लावायचा होता, म्हणून मांजर वाचलं.

नानांना अभिमान वाटला. त्यांनी जुळा भाऊ बनवला. तो रविवारभर धरणात हिंडला, पण एका माशानं ढुंकून पाहिलं नाही.

"मांजर फसतं, मग मासा का फसत नाही?" या प्रश्नानं नानांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मग एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. उत्तर सांगून होईपर्यंत त्या खाली ठेवायचं मला सुचलं नाही आणि त्या घ्याव्यात हे त्यांना.

"दोरीवर तो एकटा होता, म्हणून मांजराला दिसला. पाण्यात तसे हजार आहेत. मोठ्या माशानं त्यातला माझाच का धरावा? मी काय त्याला पत्रिका पाठवली होती? हुबेहूब बनवला हीच चूक. आपला उठून दिसला पाहिजे. वेडा दिसला पाहिजे! मिसळलं की संपलं, सेक्रेटरीबाई. मिसळलं की संपलं!"

हे शेवटचं वाक्य पुढं दहा वर्षं आमच्या बिल्डिंगनं ऐकलं.

नानांची गॅलरी म्हणजे जत्रेतलं खेळण्यांचं दुकान झालं. तुटक्या बांगड्या, टिकल्यांची पाकिटं, चॉकलेटचे चकाकते कागद, टूथब्रशच्या पारदर्शक मुठी, काहीही त्यांना वर्ज्य नव्हतं. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन घरोघर फिरायचे. "बांधून झाली ना? बहिणीचं प्रेम ठेवा, गोंडा द्या." लग्नसराईत मांडवातून परत येताना त्यांच्या खिशात हमखास बेगड सापडायची. एकदा त्यांनी माझ्या यजमानांना, ब्लाउजला लावतात त्या हुकांचे नंबर काय असतात, असं भर जिन्यात विचारलं. आमचे हे दोन दिवस मागच्या जिन्यानं जात-येत होते.

प्रत्येक खोट्याला नाव असे. गुलाबी अंगावर सोनेरी पट्टे असलेला "लग्नातली आत्या". पांढराशुभ्र, गळ्यापाशी भगवी रेघ असलेला "पुढारी". पोपटी आणि जांभळा असा एक होता, त्याला ते "नवा जावई" म्हणत, कारण तो पाण्यात पडला की थोडा वेळ नुसता डौलात तरंगायचा, काम काही करायचा नाही.

हे तत्त्व पाण्यात राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण नाना ते जमिनीवरही आणायचे. बिल्डिंगला रंग द्यायचा ठराव आला. मी तीन रंगाऱ्यांकडून दर मागवले होते, फिकट क्रीम रंगावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. नाना उभे राहिले.

"या रस्त्यावरच्या सगळ्या बिल्डिंगा क्रीम आहेत. रिक्षावाल्यानं आपली कशी ओळखायची? माझं म्हणणं, फाटक पोपटी करा आणि टाकी शेंदरी."

"नाना, आपल्याला रिक्षावाल्याला गळाला लावायचं नाहीये," मी म्हटलं.

"पाहुणा चुकून समोरच्या बिल्डिंगीत जेवून गेला, तर जबाबदार कोण?"

शेवटी तडजोड म्हणून मीटरच्या पेटीला पोपटी रंग दिला. वीजबिलाचा माणूस आजही त्या पेटीपाशी क्षणभर थांबतो.

जुन्या नाशकात भद्रकालीच्या बाजूला युसूफचाचांचं गळ आणि दोऱ्यांचं चिमुकलं दुकान होतं. मी एकदा नानांबरोबर तिथं गेले होते, मला त्याच गल्लीत पितळी डबे कल्हईला टाकायचे होते. नानांनी पिशवीतून "लग्नातली आत्या" काढून गल्ल्यावर ठेवली. चाचांनी चष्मा पुसला.

"नाना, मच्छी पकडनेकी है, के मच्छी की बारात निकालनेकी है?"

"चाचा, वरातीत नवरदेव पटकन कसा ओळखू येतो? अंगावर झगमगाट असतो म्हणून. तसंच हे."

"पर नवरदेव को कोई खाता नहीं ना!"

"ते लग्न झाल्यावर विचारा त्याला."

चाचा इतके हसले की गळ मोजून देताना दोन जास्त गेले. नानांनी ते इमानानं परत केले आणि त्याच्या बदल्यात काउंटरवरच्या अगरबत्तीच्या पुड्याचा चंदेरी कागद मागून घेतला.

आता कुसुमवहिनींबद्दल सांगितलं पाहिजे, कारण नाना एकटे कधी धरणावर गेलेच नाहीत. वहिनी म्हणजे त्यांची बायको. बुटकी, सावळी, कमी बोलणारी, पण बोलली की समोरच्याला दोन मिनिटं सुचू नये अशी. रविवारी सकाळी स्कूटरवर मागं त्या बसायच्या. मांडीवर थर्मास, हातात छत्री, आणि काठीचं टोक त्यांच्या खांद्यावरून मागं झेंड्यासारखं.

त्या दोघांची एक पद्धत होती. पाण्यालगत उभ्या राहिलेल्या माणसाला पाण्यात काही दिसत नाही, नुसती चकाकी दिसते. वरून मात्र तळापर्यंत दिसतं. त्यामुळं नाना काठावर उभे राहायचे आणि वहिनी मागच्या उंच खडकावर बसायच्या. नाना खोटा मासा फेकून ओढायला लागले की वहिनी वरून क्रिकेटसारखं समालोचन करायच्या. "येतोय... डावीकडे घ्या... मागे एक मोठा लागलाय... हळू... थांबा. आता ओढा!" नाना ओढायचे आणि मासा लागलेला असायचा. धरणावर इतर लोकही मासे धरत, पण दोन माणसांनी मिळून एक काठी चालवलेली मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

"मी नुसता हमाल," नाना सांगायचे. "मासा ती धरते."

"आणि खवले कोण काढतं?" वहिनी विचारायच्या.

"तेपण तूच."

"मग तुम्ही कशाला येता?"

वहिनींना साखरेचा आजार जुना होता. पुढं तो डोळ्यांत उतरला. आधी सुई ओवता येईना, मग देवळाच्या पायऱ्या चाचपाव्या लागायला लागल्या. डॉक्टरांनी लेसरचं काय काय केलं आणि सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवा. वहिनींनी घरात सगळं जागच्या जागी ठेवायला सुरुवात केली आणि कुणाजवळ एका शब्दानं कुरकुर केली नाही. फक्त एकदा गच्चीवर पापड उलटताना मला म्हणाल्या, "शैला, बाकी काही गेलं तरी चालेल गं. रविवार राहू दे."

नानांचंही तेच होतं. फक्त ते असं बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते. ते नेलपॉलिश मागायचे.

वर्षं गेली. कारखान्यानं लोक कमी करायला काढले, तेव्हा नानांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. धरणाच्या रस्त्यावर भाताच्या खाचरांच्या जागी द्राक्षांचे मांडव आले. नानांचे मासे दरवर्षी आणखी भडक होत गेले. आता त्यांना रेडियमच्या पट्ट्या लागल्या, ट्रकच्या मागं लावतात तसल्या. एक खोटा तर असा होता की तो गॅलरीत टांगला की संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगीतलं तान्हं पोर रडायचं थांबून एकटक बघत राहायचं. आणि मासे? मासे लागायचे बंद झाले होते. रविवारी दुपारी नाना यायचे ते पिशवीत बाजारातला रोहू घेऊन.

"नाना, हे जरा जास्तच उठून दिसतंय," मी एकदा म्हटलं. "मासे घाबरत असतील."

"घाबरू द्या," नाना म्हणाले आणि रेडियम कापत राहिले.

एका रविवारी खडकावरून उतरताना वहिनींचा पाय घसरला. मनगट मुरगळलं, कपाळाला खोक पडली. पुण्याहून मुलगा आला, मिलिंद. शहाणा मुलगा. त्यानं आवाज न चढवता वडिलांना सांगितलं, "बाबा, आईला आता तिथं न्यायचं नाही." वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जाताना मिलिंद माझ्या घरी आला.

"मावशी, तुम्ही व्यवहारी आहात. एकदा त्यांच्याबरोबर जाऊन जागा बघा. तुम्ही म्हणालात ठीक आहे, तर माझं काही म्हणणं नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर मी बाबांकडून शपथ घेईन."

म्हणजे त्या दोघांचा रविवार माझ्या हातात आला. मनगट बरं झाल्यावर मी आमची गाडी काढली. नाना काठी खिडकीबाहेर धरून पुढं बसले होते, वहिनी मागं. दोघंही परीक्षेला निघाल्यासारखे दिसत होते. रस्त्यात मिसळीच्या टपरीवर थांबलो, तेव्हा नानांनी माझ्यासाठी तर्री वेगळी मागवली. ही लाच होती. मी खाल्ली.

जागा मी व्यवस्थित बघितली. चढण निसरडी. खडकाला धरायला काही नाही. मागं बाभळीचं झाड, काटे खाली पसरलेले. पलीकडे मात्र पाण्यालगत वाळूची छान सपाट जागा होती, तिथं खुर्ची सहज राहिली असती. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला आणि वहिनींचा दंड धरून त्यांच्याजवळ खडकावर बसले.

वारा सुटला होता. लाटा खडकावर आपटत होत्या. नानांनी खाली उभं राहून शेंदरी खोटा मासा बांधला, काठी मागं नेली आणि झोकात पुढं फेकली. मासा पुढं गेलाच नाही. मागं नेताना तो बाभळीच्या फांदीत अडकला होता.

"पडला बरोबर," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाण्याकडे बघत होत्या. बघत होत्या म्हणजे, तोंड तिकडे होतं.

मी तोंड उघडलं. खालून नानांनी माझ्याकडे मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं. मग त्यांनी रिळाची पकड सैल केली. तशी केली की मूठ फिरते, कर्र कर्र आवाज होतो, पण दोरी ओढली जात नाही. आणि ते शांतपणे मूठ फिरवायला लागले.

"येतोय," वहिनी सांगत होत्या. "छान येतोय. जरा डावीकडे. हां... मागे सावली आहे हो. मोठी आहे. थांबा!"

नाना थांबले.

"गेला. थोडक्यात चुकला."

"थोडक्यात," नाना म्हणाले.

मागं बाभळीवर शेंदरी मासा वाऱ्यानं झुलत होता. एक बुलबुल तेवढा त्याच्या मागावर होता.

नाना "दोरीत गुंता झालाय" म्हणून मासा सोडवायला बाभळीकडे गेले, तेव्हा वहिनी माझ्या कानाशी वाकल्या.

"शैला, मला काही दिसत नाही गं. दोन पावसाळे झाले. त्यांना सांगू नकोस. रंगवून रंगवून बोटं सोलली बिचाऱ्यांची."

परत येताना गाडीत मी दोघांच्या मध्ये नव्हते, तरी मध्ये असल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी मी नानांना गच्चीवर गाठलं. "नाना, मी मिलिंदला हो म्हणून सांगणार आहे. पण खडक बंद. वहिनींना खाली वाळूवर खुर्चीत बसवायचं."

"खालून दिसत नाही, सेक्रेटरीबाई."

"पण वरून तरी कुठं..." मी थांबले.

नाना कठड्यावरच्या पोपटी रंगाचा वाळलेला थेंब नखानं खरवडत राहिले. "माशाला कुठला रंग आवडतो ते मला अजून ठाऊक नाही," ते म्हणाले. "तिला शेंदरी सगळ्यात शेवटपर्यंत दिसायचा. मग रेडियम थोडे दिवस. आता तिला खाली बसवलं, तर ती विचारील, का? काय सांगू? तू आता नुसती बस, तुझं काम संपलं, असं सांगू?"

 

मिलिंदला मी आठ दिवस थांबवून धरलं. कामं आहेत, बघते, कळवते. त्या आठवड्यात नानांच्या घरातून कानस आणि पटाशीचे आवाज येत होते. गॅलरीत मात्र काहीच वाळत नव्हतं. एकदा पोळ्यांच्या वेळी वहिनींचा आवाज आला, "अहो, लाटण्याची एक मूठ कुठं गेली?" त्यावर कानस तेवढी जोरात चालायला लागली.

शनिवारी नानांनी मला ती मूठ दाखवली. पोटाखाली गळ होता. पुढचं तोंड वाटीसारखं खोलगट कोरलं होतं. रंगाचा एक ठिपकाही नव्हता, नुसतं लाकूड, पोळ्यांच्या पिठानं गुळगुळीत झालेलं.

"रंग?" मी विचारलं.

"नको. हा पाण्याच्या वरून चालतो. झटका दिला की तोंडात पाणी भरतं आणि आवाज होतो. पाण्यात बाकी कोणाचाच असा आवाज नाही." मग जरा घाईनं, "उद्या गाडी मिळेल का? ती खुर्ची न्यायची होती."

दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं होतं. वारा नाही, लाट नाही. वहिनी सवयीनं खडकाकडे वळल्या, तशी नानांनी त्यांची कोपर धरली.

"आज खाली बसायचं. हा नवीन खोटा बोलतो. वर एवढा ऐकू येणार नाही."

"मासा बोलतो?"

"तूच ऐक आणि सांग. मला यातलं काही कळत नाही."

वहिनी खुर्चीत बसल्या, पदर सावरला, थर्मास पायाशी ठेवला आणि मान किंचित तिरकी केली. नानांनी लाटण्याची मूठ लांब फेकली. लांबवर डुबकन आवाज झाला. त्यांनी काठीला झटका दिला.

बुडुक.

पुन्हा झटका. बुडुक.

वहिनींनी डोळे मिटले. तिथं मिटण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण त्यांनी मिटले.

"उजवीकडे पडलाय," त्या म्हणाल्या. "लांब. त्या बाजूला गवत आहे का?"

मी बघितलं. मूठ उजवीकडेच होती, लव्हाळ्याच्या कडेला.

"आहे," नाना म्हणाले.

"गवताला लागून आणा. हळू... अजून हळू. आता मधे आला. थांबा. थांबा हो. गवतात काहीतरी हललं."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. नाना थांबले. मूठ पाण्यावर निश्चल राहिली. वहिनींनी एक हात वर धरला होता, नाटकातल्या पडदा ओढणाऱ्याला खूण करतात तसा. "आता एकदाच. हलका."

बुडुक.

आणि पाणी फुटलं. माझ्या दंडाएवढी काळी मरळ निम्मी बाहेर आली, मूठ तोंडात घेऊन उलटी झाली आणि खाली गेली. काठी वाकली, रीळ किंचाळलं. मी ओरडले, "नाना, ओढा!"

नाना ओढत नव्हते. नाना पाण्याकडे बघतच नव्हते. मागं वळून तोंड उघडं टाकून ते खुर्चीकडे बघत होते. दोरी ताणली, तडकन तुटली आणि लाटण्याची मूठ मरळीबरोबर धरणाच्या तळाला गेली.

"अहो!" वहिनी कडाडल्या. "एवढा जिवाचा कान करून सांगतेय मी, आणि तुमचं लक्ष कुठंय?"

नानांनी काठी वाळूत टाकली. खुर्चीजवळ येऊन खालीच फतकल मारली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "नेमका कुठं होता तो?"

"काय पुन्हा सांग! तिथं," वहिनींनी रागारागानं हात लांब केला. "तिथं लागला होता."

त्यांचं बोट जिथं होतं, तिथं पाण्यावर वर्तुळं अजून पसरत होती.